वेरूळचा एक मुक्काम

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात आणि सोमवारी अजिंठ्याची. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा हा नियम नवा नाही आणि गुपितही नाही. तरीही मंगळवारी लेण्यांच्या फाटकापाशी परगावच्या गाड्या येऊन थांबतात. कुणी इंदूरहून रात्रभर गाडी हाकत आलेले असते, कुणी शिर्डीचे दर्शन आटोपून मुलाबाळांसह निघालेले असते. फाटक बंद दिसले की थोडी धुसफूस होते, मग घृष्णेश्वराचे दर्शन घेऊन, दोन घास खाऊन गाडी दुपारपर्यंत मागे फिरते. या प्रत्येक कुटुंबात तीन-चार स्मार्टफोन असतात. निघण्याआधीच्या पंधरवड्यात कैलास लेण्याची रील्स त्यांनी पोटभर पाहिलेली असतात. त्यांतल्या बहुतेकांनी ‘मंगळवारी येऊ नका’ एवढे सांगितलेले नसते.

वेरूळमधल्या एखाद्या लॉजवाल्याने हे तीन शब्द आपल्या पानावर ठळक लिहिले आणि खाली एक बेत जोडला, तर काय होईल याचा विचार करून पाहावा. मंगळवारी पोचत असाल तर सकाळी घृष्णेश्वर, दुपारी खुलताबादचा भद्रा मारुती, रात्री आमच्याकडे मुक्काम आणि बुधवारी दिवस उगवताना कैलास. परत फिरणाऱ्या शंभर गाड्यांपैकी दोन जरी थांबल्या, तरी त्या लॉजच्या दोन खोल्या आठवड्याच्या सर्वांत मंद दिवशी भरतील. गावाच्या धंद्याला समाजमाध्यमांचा उपयोग नेमका कुठे होतो, ते या एका बंद दिवसात दिसते.

वेरूळला प्रसिद्धीची वाण कधीच नव्हती. १९८३ साली अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. बारा ज्योतिर्लिंगांपैकी घृष्णेश्वर इथे आहे. आजचे देऊळ अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधवले. मालोजीराजे भोसल्यांचे हे गाव, म्हणजे शिवचरित्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात त्याचे नाव आहे. माणसे येतातच. पण शहर अवघे तीस किलोमीटरवर आहे. देवगिरीचा किल्ला, खुलताबाद, वेरूळ आणि संध्याकाळी बीबी का मकबरा, असा सगळा फेरा टॅक्सीवाले एका दिवसात उरकतात. रात्र छत्रपती संभाजीनगरात जाते. खोलीचे भाडे शहरात, त्यातले कमिशन गुरुग्रामच्या बुकिंग कंपनीला आणि जाहिरातीचे पैसे थेट कॅलिफोर्नियाला. गावाच्या वाट्याला चहा, नारळ, बेलफूल, एखादी थाळी. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईपर्यंत पूर्ण झाला, ७०१ किलोमीटरचा. येणे सोपे झाले तसे जाणेही सोपे झाले, आणि झटपट आलेला माणूस झटपट जातो. म्हणून वेरूळच्या व्यापाऱ्याला ‘आणखी लोकांना वेरूळ कसे कळेल’ हा प्रश्न पडायचे कारणच नाही. ज्यांना कळले आहे ते एक रात्र का थांबत नाहीत आणि थांबायचे ठरवले तर थेट माझ्यापर्यंत कसे पोचतील, हे त्याचे खरे प्रश्न आहेत.

प्रसिद्धी एकाची आणि कमाई दुसऱ्याची, हे वेरूळच्या बाबतीत फार जुने आहे. इ. स. ८१२-१३ च्या सुमाराचा, राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्कराजाचा एक ताम्रपट बडोद्याला सापडला. त्यात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, देवळाचे वर्णन आहे. कृष्णराजाने करवलेले ते काम पाहून आकाशातून जाणारे देवही थक्क झाले आणि ज्या शिल्पीने ते घडवले त्यालाही ‘हे माझ्या हातून झालेच कसे’ असे वाटले, असा त्याचा आशय. कैलास पाहून आलेला माणूस आजही याहून निराळे काही लिहीत नाही. त्या शिल्पीचे नाव मात्र ताम्रपटाने दिलेले नाही.

त्याच्या पुढची गोष्ट मला जास्त लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या दरबारात चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा रेसिडेंट होता. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार त्याच्या आश्रयाने पुण्यात राहिला आणि सवाई माधवरावांच्या काळात शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. तिथे तयार झालेला गंगाराम चिंतामण तांबट हा मराठी चित्रकार वेरूळला गेला आणि लेण्यांची बारकाईने रेखाटने करून आला. वेल्सनेही तिथे चित्रे काढली, पण १७९५ मध्ये तो वारला. त्याच्या चित्रांवरून टॉमस डॅनियलने १८०३ साली लंडनमध्ये वेरूळच्या चोवीस मुद्राचित्रांचा संच प्रसिद्ध केला. डॅनियल स्वतः वेरूळला कधी आलेलाच नव्हता. युरोपातल्या दिवाणखान्यांत वेरूळ पोचले ते या चित्रांतून. १८२४ मध्ये कॅप्टन सीलीचे ‘वंडर्स ऑफ एलोरा’ हे पुस्तकही लंडनमध्येच निघाले. तांबटांची रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत आणि पुण्यातल्या किती कलाशिक्षकांना त्यांचे नाव ठाऊक असेल याची मला शंका आहे. वेरूळचे चित्र जगभर गेले, पण ते विकले लंडनमधून. चित्राखाली ज्याचे नाव आणि पत्ता असतो त्याच्याकडे गिऱ्हाईक जाते. तेव्हाही गेले, आताही जाते.

आता आजचे चित्र पाहू. २०१८ च्या जुलैमध्ये पुरातत्त्व खात्याने संरक्षित स्मारकांत पर्यटकांना छायाचित्रणाची मोकळीक दिली. अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातली कबर एवढे अपवाद त्यावेळी ठेवले गेले. वेरूळ त्या अपवादांत नव्हते. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केली. कैलासचे प्रांगण सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद, मागचा कडा शंभर फुटांहून उंच. आडव्या पडद्यासाठी नव्हे तर उभ्या मोबाइलसाठीच कोरल्यासारखे. कॅमेरा वर नेला की शिखर आणि खाली आणला की हत्ती. पावसाळ्यात एकोणतिसाव्या लेण्याशेजारी, सीतेच्या न्हाणीपाशी, धबधबा कोसळतो आणि तरुण मुले फोन सरसावून कड्याकडे सरकतात. हे सगळे चित्रीकरण करणारे बहुतेक बाहेरचे. फॉलोअर त्यांचे वाढतात. वेरूळच्या थाळीवाल्याचा नंबर त्यांपैकी कुणाच्याही व्हिडिओखाली नसतो, आणि तो का असावा? त्याने कुणाला दिलेलाच नाही.

गावातला माणूस मग स्वतः रील करायला घेतो आणि इथे पहिली चूक होते. तो बाहेरच्यासारखेच रील करतो. तोच कैलास, तेच संगीत. त्याला पन्नास हजार लोक पाहतात, त्यांतले बहुतेक गुवाहाटी, लुधियाना, कोचीतले, अंथरुणात पडून अंगठा सरकवणारे. लाइक येतात, फोन येत नाही. त्याला वाटते, या सगळ्यात काही राम नाही. खरे म्हणजे कैलासची जाहिरात त्याने कृष्णराजासाठी केली. आपल्या दुकानाची केलीच नाही. जे फक्त त्याच्याकडेच आहे ते दाखवायला हवे. रविवारी गाडी कुठे लावावी, म्हाताऱ्या आईला जैन लेण्यांपर्यंत कसे न्यावे, तो लांबचा पल्ला चालत कापायचा की वाहनाने, घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात जाताना पुरुषांना सदरा-बनियन काढावे लागते, मोबाइल मंदिरात नेता येत नाही तर तो ठेवायचा कुठे. हे सांगणारा व्हिडिओ पाच हजारच लोक पाहतील. पण ते पाच हजार खरोखर निघालेले असतील, आणि तो व्हिडिओ ते नवऱ्याला, नणंदेला, सोसायटीच्या ग्रुपवर पाठवतील. अशी पुढे पाठवलेली माहिती वेबसाइटवर माणूस आणते. नुसते कौतुक पडद्यावरच विरते.

मंदिर आणि लेणी यांच्यातले अंतर जेमतेम एक किलोमीटर. एकीकडे हातात फोन असल्याशिवाय कुणी दिसत नाही आणि दुसरीकडे फोन दाराबाहेर. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला त्या रांगेत तासन्‌तास उभ्या असलेल्या माणसाला पाणी, सावली आणि सामान ठेवायला विश्वासाची जागा हवी असते. बेलफुलाच्या दुकानावर ‘फोन-पाकीट सुरक्षित ठेवू’ असे लिहून शेजारी क्यूआर कोडची पाटी लावली, तर तो कोड दर्शनानंतर, फोन हातात परत आल्याबरोबर, उघडला जाईल. वेळ साधणे ते हेच.

लेण्यांच्या रस्त्यावर दगडांची दुकाने आणि टोपल्या आहेत. दख्खनच्या बेसाल्ट खडकात लाव्हा थंड होताना पोकळ्या राहिल्या आणि त्यांत लाखो वर्षांत स्फटिक वाढले: अपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट. विहिरी आणि दगडखाणी खोदताना ते सापडतात. संभाजीनगर, जळगाव, नाशिक या पट्ट्यातले हे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना आणि संग्रहालयांना माहीत आहेत. तरी वेरूळच्या रस्त्यावर त्यांचे नाव नुसते ‘क्रिस्टल’. पाचशे सांगायचे, दोनशेला द्यायचे. शेजारी रंगात बुडवलेले जांभळे-निळे दगडही मांडलेले, त्यामुळे गिऱ्हाइकाचा अस्सल दगडावरचाही विश्वास उडतो.

याच दगडाचा धंदा फोनवर पूर्णपणे बदलू शकतो, आणि महाराष्ट्रातले काही खनिजविक्रेते तो बदलून परदेशी माल पाठवतातही. जर्मनीतल्या किंवा अमेरिकेतल्या संग्राहकाला घासाघीस नको असते. त्याला खनिजाचे नाव, ते कुठल्या तालुक्यातले, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, वजन, कुठे कोपरा तुटला आहे का, आणि दोन बाजूंनी प्रकाश पाडून फिरवलेला वीस सेकंदांचा व्हिडिओ हवा असतो. इन्स्टाग्रामवर तो व्हिडिओ पाहून थांबतो, पण पैसे पाठवण्याआधी तो वेबसाइट शोधतो. हा माणूस कोण, किती वर्षे धंद्यात आहे, माल फुटला तर काय, आधीच्या लोकांनी काय लिहिले आहे. दोन ओळींच्या प्रोफाइलमध्ये ही माहिती मावत नाही. तिला स्वतःचे पान लागते. इन्स्टाग्रामवरच्या पोस्टखालच्या मजकुरात लिंक टाकली तरी ती दाबता येत नाही. ती प्रोफाइलवर द्यावी लागते किंवा स्टोरीत. स्टोरीतली लिंक २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत लहान खात्यांना मिळतच नव्हती, त्यासाठी दहा हजार फॉलोअर लागत. आता ती सर्वांना आहे. तरी कित्येक दुकानदार अजून पोस्टखाली अख्खा पत्ता टाइप करतात आणि कुणी आले नाही म्हणून कपाळाला हात लावतात.

पैठणीवाल्यांनाही हेच लागू आहे. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण यंत्रमागावरची नक्कल दुकानात शेजारीच टांगलेली असते. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तर मागची बाजूही पुढच्यासारखीच दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. पदर उलटा करून दाखवणारा दहा सेकंदांचा व्हिडिओ शंभर शब्दांच्या जाहिरातीपेक्षा जास्त विकतो, कारण तो पाहणाऱ्याला पारख शिकवतो. आणि पारख शिकवणाऱ्याकडेच माणूस खरेदीला जातो, हे कापडबाजारात पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे.

माणूस आपल्याला शोधतो म्हणजे नेमके काय टाइप करतो, याकडे फार थोड्यांचे लक्ष असते. वेरूळ, एलोरा, इलोरा. घृष्णेश्वर, घृश्नेश्वर, ग्रीष्णेश्वर, घुश्मेश्वर. कैलास मंदिर, कैलाश टेंपल, गुफा नंबर सोळा. त्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचे आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. गुजरातेतला किंवा तेलंगणातला यात्रेकरू अजून औरंगाबाद टाइप करतो, पुण्यातला तरुण संभाजीनगर, आणि टॅक्सीचे ॲप आणखीच काही. ज्या लॉजच्या पानावर यांतले एकच नाव आहे तो बाकीच्यांना दिसतच नाही. हा वादाचा प्रश्न नाही, पत्त्याचा आहे. ‘छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) पासून ३० किमी, वेरूळ (एलोरा) लेण्यांजवळ’ एवढे एक वाक्य मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पानावर असले पाहिजे. फोन नंबर छायाचित्रात रंगवलेला नको, अक्षरांत हवा, म्हणजे तो दाबून लावता येतो. आणि पान हलके हवे. कड्याच्या आडोशाला नेटवर्क क्षीण झाले की दहा मोठी छायाचित्रे असलेले पान उघडता उघडता माणूस पुढच्या दुकानात पोचलेला असतो.

हॉटेलवाल्यांच्या बाबतीत स्वतःच्या वेबसाइटचा प्रश्न थेट पैशाचा आहे. बुकिंग कंपन्यांचे कमिशन साधारण पंधरा ते पंचवीस टक्क्यांच्या घरात असते. दोन हजारांच्या खोलीवर वीस टक्के धरले तर चारशे रुपये. चादरी, गरम पाणी, सकाळचे पोहे यांचा खर्च त्यातून नव्हे, उरलेल्या सोळाशेतून करायचा. १९ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटी ४८ लाख आणि ओयोला १६८ कोटी ८८ लाखांचा दंड ठोठावला. आयोगाच्या आक्षेपांत एक महत्त्वाचा मुद्दा होता तो दरसमानतेच्या अटींचा: हॉटेलने आपली खोली इतरत्र त्याहून कमी दराने विकू नये. प्रकरण पुढे अपिलात गेले. पण त्या निकालातून लहान हॉटेलवाल्याने उचलायची गोष्ट स्पष्ट आहे. आपल्या स्वतःच्या दारातून आलेल्या गिऱ्हाइकाला आपण काय देऊ शकतो, हे ठरवण्याचा हक्क जपायचा. दर कमी करता येत नसेल तर सकाळी लवकर चहा, लेण्यांपर्यंत सोडणे, मंदिराच्या रांगेची खबर, हे देता येते. आणि ते समाजमाध्यमांवर सांगता येते.

मी बुकिंग कंपन्या सोडून द्या असे म्हणणार नाही. अनोळखी माणूस पहिल्यांदा तिथेच भेटतो. पण दुसऱ्यांदा येताना, किंवा भावाला पाठवताना, त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर असायला हवा. व्हॉट्सॲप बिझनेस भारतात २०१८ च्या जानेवारीत आले आणि लहान धंद्यांसाठीचे ते ॲप मोफत आहे. त्यात दरपत्रक ठेवता येते, नकाशा पाठवता येतो, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे साठवता येतात. मात्र ज्याने नंबर दिला त्याला विचारल्याशिवाय रोज सुप्रभात पाठवणारा दुकानदार आठवड्यात ब्लॉक होतो, आणि व्हायलाच हवा.

समाजमाध्यम म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या मैदानावर भरलेली जत्रा. गर्दी आयती मिळते, पाल ठोकायला पैसे पडत नाहीत, पण मैदानवाल्याने उद्या फाटक लावले तर पाल, माल आणि गिऱ्हाईक सगळे आत राहते. हे घडून गेले आहे. २९ जून २०२० च्या रात्री टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी आली. बंदीची कारणे देशाच्या सुरक्षेची होती आणि ती वेगळी चर्चा आहे. पण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या ज्या मुलामुलींनी तिथे लाखो चाहते जोडले होते, त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी एकाही चाहत्याचा पत्ता नव्हता. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडले. आणि सर्वांत कमी बोलली गेलेली गोष्ट मार्च २०२४ ची. गूगल नकाशावर दुकानाची नोंद करताना गूगलच एक फुकट वेबसाइट बनवून देत असे. असंख्य लहान धंद्यांची तीच एकमेव वेबसाइट होती. गूगलने ती सोय बंद केली, काही महिने जुन्या पत्त्यावरून नोंदीकडे वळवले आणि जूनमध्ये तेही थांबवले. कार्डावर, रिक्षाच्या मागे, पाटीवर छापलेला पत्ता निकामी झाला. स्वतःच्या नावाचे डोमेन वर्षाला साधारण हजार-बाराशे रुपयांना मिळते. एका खोलीच्या एका रात्रीच्या भाड्याहून ते कमी आहे.

याचे शेजारच्या जिल्ह्यातले उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, ‘आपली आजी’. नातवाने २०२० मध्ये त्यांच्या पाककृतींचे यूट्यूब चॅनेल काढले. आजींचा कारल्याच्या भाजीपासून पावभाजीपर्यंतचा हातखंडा, त्यांची गावाकडची बोली, घरचा मसाला. काही महिन्यांत लाखो लोक जोडले गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये चॅनेल हॅक झाले आणि काही दिवसांनी परत मिळाले. आजींच्या यशाचे कौतुक सगळ्यांनी केले; मला त्यातला मसाला महत्त्वाचा वाटतो. लोक ‘तुम्ही कोणता मसाला घालता’ असे विचारत राहिले आणि तो मसाला विकायला आला. चॅनेल परक्या कंपनीच्या जागेवर होते, पण मसाल्याच्या पुडीवर आजींचे नाव होते. पाहणाऱ्याच्या स्वयंपाकघरात पोचलेली ती पुडी कुणाला हॅक करता येत नाही. वेरूळमध्ये थाळी देणाऱ्या बायकांनी हे उदाहरण समोर ठेवावे. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि दिवाळीच्या सुमारास दौलताबाद परिसरातले सीताफळ, यांतली चटणी तरी सहज इंदूर-सुरतेपर्यंत जाऊ शकते.

एका बाबतीत मात्र वेरूळच्या माणसांनी जास्त ताठ उभे राहावे असे मला फार वाटते. कैलास परग्रहवासीयांनी कोरला, माणसाला हे शक्यच नाही, खाली गुप्त नगर आहे, असले व्हिडिओ लाखोंनी पाहिले जातात. किती टन दगड किती वर्षांत काढला याचे छातीठोक आकडे फिरतात, त्यांना कुठल्याही शिलालेखाचा आधार नाही. गर्दी खेचायला हे सोपे आहे आणि काही स्थानिक पानेही ते उचलतात. त्याने दोन नुकसाने होतात. इथल्या कारागिरांच्या हातांचे श्रेय परक्या ग्रहाला जाते, आणि असे ऐकून आलेला माणूस लेण्यांसमोर उभा राहून छिन्नीच्या खुणा पाहायचे विसरतो. वास्तविक त्या खुणाच दाखवण्यासारख्या आहेत. तिसाव्या क्रमांकाचा छोटा कैलास अर्धवट राहिला आहे. डोंगर वरून खाली कसा उतरवत आणला ते तिथे काम थांबलेल्या जागी डोळ्यांनी दिसते. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त कोकस नावाच्या पैठणच्या शिल्पीची कथा आहे. देवळाचे शिखर पाहिल्याशिवाय अन्न घेणार नाही असा राणीचा नवस, आणि म्हणून शिखरापासून कामाला सुरुवात. ती दंतकथा आहे हे सांगूनही ती सांगता येते. परवानाधारक मार्गदर्शकांपैकी एखाद्याने दर आठवड्याला एका मूर्तीवर दीड मिनिट मराठीत आणि दीड मिनिट हिंदीत बोलायचे ठरवले, तर वर्षभरात बावन्न व्हिडिओ होतील. ते सगळे त्याच्या वेबसाइटवर लेण्यांच्या क्रमांकानुसार लावले, तर शाळेची सहल आखणारे शिक्षक त्याच्याकडेच फोन करतील.

खरे सांगणाऱ्याच्या पाठीशी आता कायदाही आहे. फुकट राहायला देऊन व्हिडिओ करून घेतला असेल तर तो जाहिरात आहे असे सांगणे बंधनकारक आहे. जाहिरात मानक परिषदेने मे २०२१ मध्ये आणि ग्राहक व्यवहार मंत्रालयाने जानेवारी २०२३ मध्ये तसे नियम दिले. ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय मानक आले. भाचा-पुतण्यांकडून पन्नास पंचतारे लिहून घेण्यापेक्षा ‘गरम पाणी उशिरा आले’ या खऱ्या तक्रारीखाली ‘हीटर बदलला आहे’ असे उत्तर लिहिलेले वाचून नवा माणूस जास्त निर्धास्त होतो.

वर्षभर सांगण्यासारखे वेरूळकडे पुष्कळ आहे, आणि तिथीसकट आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, दहा तारखेच्या आसपास, दुपार कलल्यावर दहाव्या क्रमांकाच्या विश्वकर्मा लेण्यात सूर्याचे किरण दर्शनी गवाक्षातून आत येऊन बुद्धमूर्तीच्या चेहऱ्यावर पडतात. किरणोत्सव म्हणून त्याच्या बातम्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत येतात, म्हणजे पाहण्याची वेळ टळून गेल्यावर. ती बातमी फेब्रुवारीत द्यायला हवी, वेरूळमधून, मुक्कामाच्या सोयीसकट. दुपारनंतरचा सोहळा पाहणाऱ्याला रात्री थांबायला सांगावेच लागत नाही. पावसाळ्यातल्या धबधब्याचे चित्र टाकताना त्याच पोस्टमध्ये कुठल्या कड्यावर जायचे नाही तेही लिहावे. आदल्या आठवड्यात किती पाऊस झाला ते गावातल्या माणसाइतके कुणाला ठाऊक असणार? पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, हेही सांगावे, कारण दंड झाला की माणूस गावाला शिव्या घालत जातो.

कशाने गिऱ्हाईक आले ते मोजायला खर्च लागत नाही. व्हॉट्सॲपची लिंक देताना तिच्यात आधीच एक वाक्य भरून ठेवता येते. प्रोफाइलवरच्या लिंकमध्ये ‘किरणोत्सवाचा व्हिडिओ पाहिला’, नकाशावरच्या नोंदीत ‘नकाशावरून आलो’, बेलफुलाच्या दुकानातल्या क्यूआर कोडमध्ये ‘मंदिराजवळून’. माणूस लिंक दाबतो आणि ते वाक्य आपोआप तुमच्याकडे येते. महिनाअखेर वहीत तीन रकाने भरले की कळते, हजारो लोकांनी पाहिलेल्या रीलने दोन खोल्या भरल्या की नकाशावरच्या नोंदीने बारा. वेबसाइटवर किती लोक आले हा आकडा त्यापुढे दुय्यम ठरतो.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. त्र्यंबकेश्वर ज्योतिर्लिंगाला आलेला यात्रेकरू शिर्डी करतो, आणि शिर्डीहून सुमारे शंभर किलोमीटरवर दुसरे ज्योतिर्लिंग आहे हे कळले की वेरूळला येतो. उत्तरेकडून येणाऱ्या त्या लाखो लोकांसाठी हिंदीतले पान, दोन्ही नावांनी लिहिलेला पत्ता, नाशिक आणि शिर्डीहून वेरूळला यायच्या एस.टी.चे वेळापत्रक, मंगळवारची सूचना आणि खरे दर, एवढे तयार करायला दोन माणसांना आठ-पंधरा दिवस पुरतील. शोधयंत्रांना नवे पान ओळखून वर आणायला मात्र कित्येक महिने लागतात. म्हणून ते काम या दिवाळीच्या सुट्टीतच, कॉलेजातून घरी आलेल्या मुलीला शेजारी बसवून, सुरू करावे लागेल.